खाडीपर्यंतची आळी

फोटो टाकायच्या त्या साइटचं रूप बदललं त्या दुपारी आईचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "मना गावात शिरताच येत नाय."

मी पनवेलच्या बाजारातल्या माझ्या शिवणाच्या दुकानात होते. समोर ब्लाउजचं कापड पसरलेलं, हातात खडू. दुसऱ्या कुणाला ते वाक्य चक्रम वाटलं असतं, कारण आमचं गाव आता नाहीच. ते जिथं होतं तिथून आता विमानं उडतात. टेकडी सपाट झाली, नदी दुसऱ्या अंगानं वाहू लागली, आणि आम्ही सगळे पुनर्वसन वसाहतींच्या चौकोनी प्लॉटांवर विखुरलो. कुणी कळंबोलीला गेलं, कुणी पार उरणकडे. पण आई रोज दुपारी गावात जायची. ती कशी जायची ते मला ठाऊक होतं, म्हणून मी खडू खाली ठेवला.

माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादाच म्हणायचो, लग्नाचे फोटो काढायचा. घरं रिकामी व्हायला लागली तेव्हा एका सकाळी त्यानं कॅमेरा गळ्यात अडकवला आणि वेशीवरच्या हापशापासून चालायला सुरुवात केली. एक घर, मग त्याच्या शेजारचं घर, मग त्याच्या शेजारचं. प्रत्येक घराच्या दारात त्या घरची माणसं उभी. असं करत तो सगळी आळी चालत खाडीच्या धक्क्यापर्यंत गेला. मग ते सगळे फोटो त्याच क्रमानं त्यानं साइटवर टाकले आणि वर नुसतं "आळी" असं लिहिलं. पुढं दादाही गेला. त्याचं पान मात्र तिथंच राहिलं, आणि पानावर आमचं गाव.

आईला अक्षरं जुळवत वाचता येतं, पण तिथं वाचायची गरजच नव्हती. जेवणं झाली, भांडी झाली की ती खिडकीपाशी बसायची, चष्मा लावायची आणि बोटानं एकेक घर मागं सारत पुढं निघायची. हापसा, पाटलांचं कौलारू, गिरणी, देऊळ, आनंदीआत्याचं घर. आनंदीआत्याच्या दारात तिचं बोट थबकायचं. तिथं ती बराच वेळ असायची. मधेच मी फोन केला तर म्हणायची की थांब, आता देवळापाशी आलेय, खाडीवर पोचले की करते. एखाद्या दिवशी कंटाळा आला तर गिरणीपासूनच परत फिरायची. आपण कुठवर गेलो ते संध्याकाळी माझ्या भावाला सांगायची, आणि तोही "आज ऊन होतं का?" असं विचारायचा.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. नवं रूप देखणं होतं, ते कबूल करायला हवं. सगळं पांढरंशुभ्र, कोपरे गोल, वरची बटणं खाली आलेली, खालची कुठं गेली कळेना. दादाचं पान होतं, फोटोही होते, पण अल्बमचा क्रम गेलेला. ज्याला जास्त लोकांनी पसंती दिली होती तो फोटो आधी, मग साइटला वाटेल तो. हापशानंतर एकदम खाडी, खाडीनंतर गिरणी. आणि दोन घरांच्या मधे कुणीतरी वजन कमी करायचं पेय विकत बसलेला. आईनं त्या माणसाकडं बोट दाखवून विचारलं की हा कोण, आणि ह्याला आनंदीच्या अंगणात कुणी येऊ दिलं.

मी हसले. ती हसली नाही.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, तिनं त्याच्या पानात शिरायचा पुष्कळ खटाटोप केला. मुलीचं नाव, कॅमेऱ्याचं नाव, लग्नाची तारीख, जे जे त्यानं परवलीचा शब्द म्हणून ठेवलं असेल ते सगळं तिनं घालून पाहिलं. साइटला मी लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. वहिनीनं फोन उलटा करून ठेवला आणि म्हणाली की हा माणूस जिवंत असतानाही कपाटाची किल्ली कुठं ठेवतो ते सांगायचा नाही.

मग पुढचे काही दिवस मी रोज दुकान बंद करून आईकडे जात राहिले. आम्ही दोघी त्या विस्कटलेल्या गावात भटकायचो. पुढं कुठलं घर येईल ह्याचा नेम नसायचा, दादानं एरवी टाकलेले फोटोही मधे घुसायचे, आणि त्यामुळं एक झालं. सरळ चालताना जे नजरेच्या कडेनं निघून जायचं ते आता एकदम अंगावर यायचं.

खाडीच्या बांधावरची उघाडी आली, म्हणजे भरतीचं पाणी अडवायची ती लाकडी झडप. ती दिसली आणि माझ्या कानात तिचा आवाज झाला. भरती चढली की ती आपसूक मिटायची, एक जड, ओला धप्प. त्या आवाजावर बायका चुलीवरचा भात उतरवायच्या. घड्याळ बघून उतरवल्याचं मला आठवत नाही. पाणी ओसरलं की खाजणातल्या काळ्या चिखलाचा वास घरात यायचा, खारा, किंचित कुजका, आणि तो आला की पोटात भूक उठायची. त्याच चिखलात निवटे मासे उड्या मारायचे. वसाहतीत सगळं आहे, नळाला पाणी आहे, पण इथं वाऱ्याला वास नाही.

मग शेकोटीपाशी बसलेल्या पोरांचा फोटो आला आणि आई म्हणाली की हा पोपटीचा. थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या की बांधावरून भांबुर्ड्याचा पाला आणायचा, मडक्यात तळाशी घालायचा, वर शेंगा, ओवा, जाडं मीठ. मडकं उपडं करून भोवती पेंढा पेटवायचा. भांबुर्ड्याचा तो कडसर, औषधी वास शालीला दुसऱ्या दिवशीपर्यंत असायचा. मी शाळेत ती शाल तोंडावर ओढून बसायचे. मीठ आमच्याच मिठागरातलं. कोरड्या उन्हात मिठाचे ढीग इतके पांढरे दिसायचे की त्यांच्याकडं बघून डोळे मिटले तरी आत पांढरंच राहायचं.

कधी देवीच्या पालखीचा फोटो यायचा. पालखी ज्या दारात थांबायची त्या दारातली बाई तिच्या पुढ्यात पाणी ओतायची, आणि भिजलेल्या शेणसड्याचा वास गुलालात मिसळायचा. कधी नुसतीच दोरीवर सुकणारी बोंबलांची रांग. आई प्रत्येक फोटोवर काहीतरी बोलायची आणि शेवटी म्हणायची, "हे कुनाच्या शेजारी होतं सांग." ती मला तपासत नव्हती. स्वतःला तपासत होती. तिच्या आवाजातली ती भीती मला ओळखू यायला दोन-तीन संध्याकाळी लागल्या. गाव तिच्या बोटात होतं. बोटाला वाट मिळेना, तेव्हा डोक्यातूनही ते निसटायला लागलं होतं. एकदा ती गिरणी आणि देवळाच्या मधे अडली आणि पुन्हा हापशापासून मोजायला लागली.

आणि एका संध्याकाळी साइटनं आपण होऊन एक फोटो समोर आणला. आळीतला नव्हता. त्याच्याही कितीतरी आधीचा, कुणाच्या तरी लग्नातला, दादानं कधीतरी साइटवर टाकलेला आणि आमच्यापैकी कुणीच न पाहिलेला. मांडवात लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण बसलेली, धवला म्हणताना तोंड उघडं राहिलेलं, हात हळदीनं पिवळे. तिच्या मागं, मांडवाच्या बाहेर, उन्हात एक बाई उभी. डोक्यावर टोपली, टोपलीत चिंबोऱ्या.

आईनं फोन डोळ्यांजवळ नेला.

"ही जनी," ती म्हणाली. "जनीचं खोपटं कुठंय आळीत?"

जनी कातकऱ्यांची. तिचं खोपटं आळीच्या शेवटी, बाळारामकाकांच्या घरानंतर आणि खाडीच्या आधी. निवटे, चिंबोऱ्या, कडूकंद, लाकडाची मोळी, जे हाती लागेल ते घेऊन ती आळीत यायची. आमच्या ओटीपर्यंत यायची, तिथून पुढं नाही. आम्हाला तिच्याकडं काम असलं तर आम्ही बांधावर उभं राहून हाक मारायचो. दादानं फोटो काढले तेव्हा ती माणसं वीटभट्टीवर गेलेली होती आणि खोपट्याचा कूड मोडून पडलेला. दादा पुढं सरळ खाडीवर गेला असणार. इतकी वर्षं आई बाळारामकाकांच्या दारातून एका बोटात खाडीवर पोचत होती आणि मधे कुणी राहायचं हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं.

त्या रात्री जेवताना मी म्हटलं की फोटो पुन्हा गोळा करून दुसरा अल्बम करू. भाऊ म्हणाला की उद्या साइट परत बदलेल, मग काय करशील. आई भाकरी मोडत होती. ती न बघता बोलली, "घरं हलली. मानसं हाईत ना. त्यांना उभी करा."

ते बोलणं ऐकल्यावर पुढचं सगळं सोपं झालं. वसाहतीच्या मागं एक लांब, सरळ रस्ता आहे, दोन्ही बाजूंनी अजून बांधकाम न झालेला. तिथं रविवारी सकाळी सगळ्या आळीनं यायचं. ज्याचं घर जिथं होतं तिथं त्यानं उभं राहायचं, आपापल्या घराचा दादानं काढलेला फोटो हातात घेऊन. आई हापशापासून खाडीपर्यंत चालेल आणि मी तिच्या मागून मोबाईलवर चित्रण करीन. मधे कुठंही न थांबवता, एका दमात. फोटो सुटे असतात म्हणून कुणीही त्यांची जागा बदलू शकतं. ही चित्रफीत अखंड असेल. साइटला पुढं जे रूप घ्यायचं ते घेऊ दे, पाटलांच्या घरानंतर गिरणीच येईल.

निरोप गेले. मला वाटलं होतं निम्मी माणसं येतील. पण फोन घणघणायला लागले, आणि वाद सुरू झाले. गिरणीच्या अलीकडं कुणाचं दार होतं, देवळाला लागून कोण होतं, कुणाचा ओटा पुढं आलेला होता. बाळारामकाकांनी निक्षून सांगितलं की ते येतील, पण त्यांच्या धाकट्या भावाशेजारी उभे राहणार नाहीत. गाव सुटल्यापासून त्या दोघांत बोलणं नव्हतं. आईनं त्यांना फोन लावला आणि विचारलं की दोन घरांच्या मधे भिंत किती होती. काका म्हणाले, एकच. मग आई म्हणाली की मग तुम्ही मधे अंतर कुठून आणणार.

जनीला शोधायला मी आणि वहिनी स्कूटरवर निघालो. ओवे गावाच्या अंगाला त्यांची काही घरं आहेत असं कळलं होतं. तिथं सांगितलं की ती विचुंब्याला एका बिल्डिंगच्या कामावर आहे. तिथं ती सापडली. घमेलं पालथं घालून त्यावर बसली होती, केस पांढरे, चहाचा कागदी कप हातात. मला तिनं आईच्या नावानं ओळखलं. सगळ्यांची विचारपूस केली, आनंदीआत्या गेल्याचं तिला आधीच ठाऊक होतं. आम्ही कशासाठी आलोय ते ऐकत तिनं चहा संपवला. मग म्हणाली की तिच्या खोपट्याचा फोटो नाही, हातात काय धरायचं. आणि ते खोपटं तरी काय, दरसाल नवा कूड. वहिनी म्हणाली की फोटो नसला तर नसला. जनीनं कप चुरगाळला. "बघू," एवढंच म्हणाली.

रविवारी उजाडलं तशी माणसं यायला लागली. मी ती सकाळ विसरणार नाही. टेम्पोतून, रिक्षातून, मोटारसायकलवर तिघं तिघं. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आलेल्या, पुरुषांच्या डोक्यावर टोप्या. कुणी दादानं काढलेला फोटो मोठा करून चौकटीत घालून आणलेला, कुणी मोबाईल छातीशी धरलेला. जे घर सोडताना दाराची चौकट उचकटून घेऊन आले होते ते ती चौकट घेऊन आले आणि तिच्यात उभे राहिले. एका बाईनं रस्त्यावर रांगोळी काढली, कारण तिच्या दारात ती रोज असायची. ज्या घरातलं कुणीच उरलं नव्हतं तिथं शेजाऱ्यांनी दगड ठेवून जागा सोडली. आनंदीआत्याच्या जागी तिची सून जर्मनीहून आलेल्या आपल्या मुलाला घेऊन उभी होती. त्या पोरानं गाव पाहिलंच नव्हतं. आपलं घर देवळानंतरचं, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

बाळारामकाका आले, धाकटे आले. दोघं शेजारी उभे राहिले, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ, आणि दोघांनी समोरच बघितलं.

शेवटी खाडी हवी होती. वहिनीनं आपलं निळं लुगडं आणलं होतं. दोन पोरींनी त्याची टोकं धरून ते रस्त्यावर आडवं ताणलं आणि हलवायला सुरुवात केली. सकाळचा वारा त्यात शिरला, निळं कापड फुगलं, बसलं, परत फुगलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळी आळी टाळ्या वाजवायला लागली.

बाळारामकाका आणि त्या निळ्या लुगड्याच्या मधे जागा मोकळी होती. आईनं ती सोडायला लावली होती. भाऊ घाई करत होता, ऊन चढत होतं. आई म्हणाली की थांबू थोडं.

जनी चालत आली. कुणाच्या गाडीवरून रस्त्याच्या तोंडाशी उतरली असावी. नवं हिरवं पातळ, हात मोकळे. ती आळीच्या मधून चालत आली आणि दोन्ही बाजूंची माणसं तिला नावानं हाक मारत राहिली. ती मोकळ्या जागेपाशी पोचली, तिनं ती जागा नजरेनं मापली आणि म्हणाली की एवढी कशाला, माझं याहून लहान होतं. मग तिनं रस्त्याच्या कडेचा विटेचा तुकडा उचलला, खाली बसली आणि डांबरावर रेघ ओढायला लागली. एक भिंत, दुसरी भिंत, चुलीची जागा, झोपायच्या माच्याची जागा. खाडीकडं तोंड करून दार मोकळं सोडलं. रेघा लालभडक उमटल्या. मग ती आत जाऊन उभी राहिली आणि पदर सारखा केला.

मी चित्रण सुरू केलं.

ती चित्रफीत आता साइटवर आहे. मी ती माझ्या पानावर टाकली आणि वर "आळी" असंच लिहिलं. त्या नव्या रूपाला सलग हलतं चित्र आवडत असावं, कारण साइटनंच ती वर वर नेली. कुवेतहून, सुरतेहून, खोपोलीहून माणसांनी खाली लिहिलं. आमच्याच नाही, खाडीपलीकडच्या आणि डोंगराकडच्या, उठलेल्या दुसऱ्या गावांच्या माणसांनी विचारलं की हे कसं केलंत, आम्हालाही करायचंय. एका गावानं तर केलंही. बाळारामकाका आणि धाकटे अजून फारसं बोलत नाहीत, पण चित्रफीत बघायला एकाच घरी बसतात. आई रोज दुपारी जाते. आता बोट हलवावं लागत नाही, नुसतं चालायचं. गिरणी आणि देवळाच्या मधे ती अडत नाही.

आज दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मीही गेले. हापसा मागं पडतो, पाटील नमस्कार करतात, देवळापाशी कुणीतरी घंटा वाजवतं. आईची पाठ माझ्या पुढं, किंचित वाकलेली, पावलं न चुकणारी. प्रत्येक दारात ती थांबते, दोन शब्द बोलते, पुढं निघते. बाळारामकाकांनंतर ती वळसा घालून खाडीच्या बाजूला येते, कारण दार तिकडं आहे. लाल रेघेपाशी ती उभी राहते. मागं निळं लुगडं फुगतंय. आत जनी.

"जने," आई म्हणते, "येऊ का आत?"

जनी दारातून बाजूला सरकते. मग म्हणते, "या ना. बसा."

आई चपला रेघेबाहेर काढते, दारातून आत जाते आणि चुलीच्या जागेजवळ मांडी घालून बसते. जनी तिच्या समोर बसते. मग आई मान वर करून थेट कॅमेऱ्यात बघते आणि मला म्हणते, "बाहेर काय उभी? तू पन ये."

तिथं चित्र जोरात हलतं, क्षणभर नुसतं आभाळ दिसतं, आणि मग जमिनीच्या अगदी जवळून, खोपट्याच्या आतून, सगळी आळी दिसते.